कान्होजी मास्तरांचा हाताचा तास

कान्होजी धुमाळांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं नसतं तर ते मास्तर झालेच नसते. धुमाळांच्या घरात तोवर कुणी खडू हातात धरला नव्हता. पणजोबा शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून वर आले आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घर करून राहिले. आजोबा फौजेत, वडील पलटणीत जमादार, थोरला भाऊ सूर्याजी पलटणीत नाईक. कान्होजीही भरतीला उभे राहिले. डॉक्टरनं पापणी वर करून पाहिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तेवढ्यावर फौज संपली.

"एका डोळ्याचा माणूस दोनच कामं करू शकतो," वडील म्हणाले, "देवळात घंटा बडवणं, नाहीतर शाळेत पोरं बडवणं." देवळातलं काम काही मराठ्याला मिळायचं नव्हतं. म्हणून कान्होजी नया बाजाराच्या मागच्या मराठी प्राथमिक शाळेत लागले.

पोरं बडवणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. छडी उगारली की त्यांचं लक्ष छडीच्या गाठींकडे जायचं. ही कुठल्या झाडाची असावी याचा विचार ते करत, तेवढ्यात पोरगं जागेवर जाऊन बसायचं. हात मात्र सोन्याचे. शाळेची घंटा, हौदाची तोटी, हेडमास्तर मधुसूदनपंतांच्या चष्म्याची काडी, सगळं त्यांच्याकडे यायचं आणि नीट होऊन जायचं. त्याबद्दल मान मिळाला म्हणाल तर तोही नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'विश्वकर्मा' म्हणत, आणि म्हणताना एकमेकांकडे बघून हसत.

शाळेत एक सागवानी कपाट होतं, काचेच्या दारांचं. कुणा सरदारांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेलं. आत कलकत्त्याहून मागवलेली शास्त्राची यंत्रं होती: हवा काढायचा पितळी पंप, उष्णतामापक, भिंगं, नालाच्या आकाराचा तांबडा लोहचुंबक. किल्ली मधुसूदनपंतांच्या जानव्याला. कपाट येऊन नऊ वर्षं झाली, पण ते कधी उघडलं नाही. खंडेनवमीला तेवढं बाहेरून काचेला हळदकुंकू लावत आणि हार घालत. कान्होजींनी एकदा किल्ली मागितली तेव्हा पंत कासावीस झाले.

"अहो कान्होजीराव, पोराची आठवण आहे ती. त्याची आई अजून दर संक्रांतीला तिळगूळ पाठवते शाळेत. उद्या पोरांनी काही तोडून ठेवलं, तर त्या माउलीला मी काय तोंड दाखवू?"

 पंत मनाचे वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

त्या काळी प्राथमिक शाळांत वस्तुपाठ नावाचा एक विषय असे. वस्तू मुलांपुढे ठेवायची, मुलांनी ती पाहायची, हाताळायची, आणि तिच्याबद्दल आपण होऊन बोलायचं, असा त्याचा मूळ हेतू. आपल्याकडे आल्यावर त्यातली वस्तू गेली आणि पाठ तेवढा उरला. 'लोहचुंबक लोखंडास आकर्षून घेतो. टांगलेला लोहचुंबक दक्षिणोत्तर स्थिर राहतो.' पन्नास पोरं एका सुरात म्हणत आणि पन्नासांपैकी एकानंही लोहचुंबक पाहिलेला नसे. कान्होजींनी चौदा वर्षं हे म्हणून घेतलं. पंधराव्या वर्षी मल्हार नावाच्या एका पोरानं विचारलं, "गुरुजी, आकर्षून घेतो मतलब काय? खेचतो? रस्सीनं?"

कान्होजी त्या रविवारी पायी मुरारला गेले. छावणीचं मोडकं सामान विकणाऱ्या एका कबाड्याकडे ढीग उपसून त्यांनी कुठल्याशा यंत्रातून निघालेला लोहचुंबक शोधून काढला. एका टोकाला टवका उडालेला, पण जिवंत. सोमवारी तो त्यांनी मल्हारच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "हात लाव."

तिथून हाताचा तास सुरू झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटचा तास कवायतीचा असे, तो कान्होजींचाच. पंतांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं आणि कवायतीच्या जागी हे सुरू झालं. नियम एकच: आधी कर, मग बोल. नई सडकेवरच्या पत्रेवाल्यांकडून रिकामे डबे आणि कातरलेले तुकडे यायचे, मुरारहून तारा आणि सायकलचे आरे. पोरांनी बांबूच्या नळीचा पाण्याचा पंप केला. नारळाच्या करवंट्यांचा तराजू केला. डब्याला भोक पाडून, मागं तेल चोपडलेला कागद लावून त्यांनी किल्ल्याकडे रोखला, आणि एवढा तो ग्वाल्हेरचा किल्ला, कागदावर डोकं खाली पाय वर होऊन उतरला. मल्हार वर्गभर धावत सुटला. "मास्साब, किला उल्टा हो गया! बघा ना गुरुजी, पूरा उलटा!"

विहिरीचं पाणी थंडीत खरंच कोमट होतं का, हेही त्यांनी करून पाहिलं. घरोघर सगळेच तसं म्हणत. पोरांनी बाटलीत रंगीत पाणी भरलं, बुचातून नळी घातली, ती बाटली पौषातही विहिरीत सोडली आणि ज्येष्ठातही, आणि नळीवर दोऱ्यानं खुणा बांधल्या. दोन्ही खुणा जवळजवळ सारख्याच आल्या. पाणी तेच असतं, बाहेरची हवा बदलते. "लोक म्हणतात म्हणून मानायचं नाही," कान्होजी म्हणाले, "हात घालून बघायचं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण फौजेत गेलो नाही ते बरं झालं.

आता आईबापांचं ऐका. पोरगं शाळेतून काळे हात घेऊन घरी आलं की आई विचारणार, बाप खवळणार. दक्षिण्यांच्या, म्हणजे आपल्या मराठी लोकांच्या, वस्तीत पोराला शाळेत घालायचं ते कशासाठी? हात पांढरे राहावेत, पोरगं बाबू व्हावं, यासाठी. ब्राह्मणांचं म्हणणं तेच, मराठ्यांचंही तेच. एरवी ज्यांचं कधी पटलं नाही त्यांचं यावर बरोबर पटलं. मल्हारचे वडील जयसिंहराव, पलटणीतून निवृत्त झालेले, एक दिवस मिशीला पीळ भरत वर्गात शिरले.

"मास्तर, माझा एकच मुलगा आहे. त्याला काय कल्हईवाला बनवून राहिले तुम्ही? धुमाळांच्या घरचे ना हो तुम्ही? तुमच्या वडिलांनी तलवार धरली, आणि तुम्ही पोरांना कात्री-पक्कड धरायला लावता! थोडी तर लाज ठेवा."

जयसिंहराव एकटे नव्हते. तक्रारी शिक्षणखात्यापर्यंत गेल्या. पण खात्यात एक इन्स्पेक्टर होते, विश्वासराव नावाचे. ते जरा निराळ्या मताचे निघाले. त्यांनी पंतांना लिहिलं: दसऱ्यानंतर मी स्वतः येतो. मुलांनी माझ्यासमोर काही करून दाखवलं आणि माझी खात्री पटली, तर हा तास वेळापत्रकात कायम होईल, इतर शाळांनाही लागू करण्याची शिफारस करीन. नाही पटली, तर तक्रारींप्रमाणे तो बंद.

कान्होजींनी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. कवायतीतून चोरलेला तास उद्या हक्काचा होणार! पोरं तयार होती, त्याची त्यांना काळजी नव्हती. काळजी होती ती आईबापांची. इन्स्पेक्टरसमोर जयसिंहरावांसारखा कुणी उभा राहून बोलला तर सगळंच मुसळ केरात.

मग त्यांना युक्ती सुचली. मोठी छान सुचली, म्हणूनच पुढे इतकी नडली.

खंडेनवमीला मराठ्यांच्या घरी हत्यारं पूजेला बसतात. घासून पुसून, पाटावर मांडून, फुलं वाहून. सुताराच्या घरी करवत बसते, लेखनिकाच्या घरी दौत. शाळेत पुस्तकं बसत आणि ते बंद कपाट. कान्होजी पंतांकडे गेले आणि म्हणाले, "पंत, या वेळी माझ्या पोरांची हत्यारंही बसवा सरस्वतीच्या शेजारी. आईबापांना बोलवा. त्यांच्या हातून फुलं वाहवा. ज्याला नमस्कार केला त्याला मग कोण नावं ठेवील?"

पंतांना ते पटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण कान्होजींनी नऊ वर्षांत पहिल्यांदा असं काही मागितलं होतं जे त्यांना देता येत होतं.

विक्रम संवत १९८६, म्हणजे इसवी सन १९२९ ची नवमी. कान्होजींनी काही म्हणता काही बाहेर ठेवलं नाही. कात्र्या, पक्कड, हातोडी, कानस, पोरांनी केलेला पंप, करवंट्यांचा तराजू, किल्ला उलटा दाखवणारा डबा, सुयांची पुडी, भेंडाचे तुकडे, आणि अगदी मध्ये तो टवका उडालेला लोहचुंबक. सकाळी आईबाप आले. जयसिंहराव पाटासमोर बराच वेळ उभे राहिले. पक्कड कुंकवात माखलेली होती. त्यांनी डोक्यावरचा फेटा नीट केला, झेंडूचं फूल वाहिलं आणि वाकून नमस्कार केला. कान्होजींचा ऊर भरून आला. एवढा मोठा विजय धुमाळांच्या घरात बऱ्याच वर्षांत कुणी मिळवला नव्हता.

आरती संपली, पोरांना पेढे वाटून झाले, आणि फाटकाशी टांगा थांबला. विश्वासराव उतरले.

"मधुसूदनपंत, माफ करा, न कळवता आलो," ते म्हणाले. "उद्या दसऱ्याच्या स्वारीत हजर राहायचं आहे आणि परवा पहाटेच्या गाडीनं माळव्याकडे दौरा लागलाय, तो पार पौषापर्यंत. तोवर अहवाल थांबणार नाही. म्हटलं, आजच पाहून घ्यावं. कुठे आहेत ते धुमाळ मास्तर?"

कान्होजी पुढे झाले. विश्वासरावांनी त्यांच्याकडे हसून पाहिलं. "मास्तर, व्याख्या ऐकून ऐकून माझे कान किटले. मला एकच दाखवा. सुईवर लोहचुंबक घासून, भेंडाच्या तुकड्यात खोवून, पाण्यावर सोडली की उत्तर दाखवते म्हणतात. एखाद्या मुलाला माझ्यासमोर करू द्या. तेवढं झालं की मी सही करतो."

याहून सोपं काय मागणार? मल्हार ते डोळे मिटून करायचा. पण सुया पूजेत होत्या. भेंड पूजेत होतं. शाळेतला एकुलता एक उघडा लोहचुंबक पाटाच्या मधोमध फुलांखाली होता. आणि नवमीला बसवलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवत नाहीत. पुढच्या रांगेतला मल्हार हळूच म्हणाला, "गुरुजी, मी घरून सुई घेऊन येऊ? दौडके जातो." सुई आली असती. लोहचुंबक कुठून येणार होता? कपाटातल्यालाही सकाळीच हार पडला होता.

विश्वासरावांना अडचण सांगितली तेव्हा ते पंतांकडे वळले. पंत क्षणभरही गडबडले नाहीत. "शास्त्रात सोय असते," ते म्हणाले. "कार्य अडलं तर उत्तरपूजा आत्ता करता येते. अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हटलं, की देवता गेली. मग ही नुसती कात्री आणि नुसती पक्कड. कान्होजीराव, करू ना?"

"करा," कान्होजी म्हणाले.

पंतांनी अक्षता टाकल्या, मंत्र म्हटला, पाट किंचित सरकवला. ब्राह्मणाच्या दृष्टीनं काम झालं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या देव येतजात होते, त्यांना बोलवायची आणि पाठवायची रीत त्यांना ठाऊक होती. धुमाळांच्या घरात अशी रीत नव्हती. तिथे हत्यार बसलं म्हणजे बसलं.

पंधरा वर्षांपूर्वीची, मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षीची नवमी होती. वडिलांकडे पलटणीतला एक पाहुणा आला होता. त्याला घराण्याची तलवार पाहायची होती. वडिलांनी पूजेतली तलवार उचलली, म्यानातून काढली, त्याच्या हातात दिली आणि परत ठेवली. आई दारात उभी राहून ओरडली, वडील हसले, सूर्याजीही हसला. महिन्याभरात सूर्याजीची पलटण समुद्रापार गेली आणि सूर्याजी परत आला नाही. आईनं वडिलांना पुढच्या सगळ्या आयुष्यात दुसरं काही ऐकवलं नाही. कान्होजींना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तलवारीचा आणि गोळीचा काही संबंध नाही, माणसं फार गेली त्या लढाईत. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं हे डोक्याचं काम आहे, आणि सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

"चल बाळ, घे," विश्वासराव मल्हारला म्हणाले.

मल्हार पुढे आला. त्यानं कान्होजींकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहायची सवयच नव्हती त्या तासाला. त्यानं सरळ फुलं बाजूला केली आणि हात लोहचुंबकाकडे नेला. मागं जयसिंहराव उभे होते. माझा एकच मुलगा आहे, असं म्हणाले होते ते.

"हात लावू नकोस!"

कान्होजींनी झेप घेऊन पोराचं मनगट धरलं. इतक्या जोरात धरलं की मल्हार कळवळला.  ओरडलं कोण, हे कान्होजींना आधी कळलंच नाही. आईचाच आवाज होता तो, थेट दारातून आलेला.

"का बरं?" विश्वासरावांनी विचारलं. रागानं नव्हे, खरंच विचारलं. "उत्तरपूजा झाली ना?"

"झाली."

"मग?"

पोरं बघत होती. या पोरांना त्यांनी तीन वर्षं दुसरं काही शिकवलं नव्हतं, 'का' विचारायचं एवढंच शिकवलं होतं. आता त्यांच्यापैकी प्रत्येकजण मास्तर काय उत्तर देतात याची वाट पाहत होता. कान्होजींनी मल्हारचं मनगट सोडलं. "उद्या," ते म्हणाले. "साहेब, उद्या करतील पोरं."

"उद्या मी स्वारीत आहे, मास्तर."

"मग नको."

विश्वासराव टांग्याकडे वळले नाहीत. माणूस भला होता, त्यानं आणखी एक संधी दिली. "तुम्ही स्वतः करून दाखवता का?" कान्होजींनी नकारार्थी मान हलवली. स्वतःच्या हातून तर त्याहून नको. घरी बायको शांता होती, पाळण्यात सहा महिन्यांचं मूल होतं.

शेवटी चौथीच्या वर्गाला उभं केलं. पन्नास पोरांनी एका सुरात लोहचुंबकाची व्याख्या म्हटली, एक अक्षर चुकलं नाही. पंत सुस्कारा टाकून समाधानानं बसले. विश्वासरावांनी शेरेबुकात लिहिलं: 'पाठांतर उत्तम. हस्तकृतीचे साहित्य पूजेत आढळले. प्रत्यक्ष प्रयोग करविण्यास शिक्षक तयार दिसले नाहीत.' लिहून झाल्यावर त्यांनी पेढा घेतला आणि टांग्यात बसले.

कुणीही कान्होजींना दोष दिला नाही, हे सगळ्यांत वाईट झालं. पंत म्हणाले, "जाऊ द्या हो, मनाचा धर्म मोठा." शांताबाईंनी घरी सगळं ऐकून घेतलं, पाळण्याला झोका दिला आणि म्हणाल्या, "बरं केलंत अहो. इन्स्पेक्टर काय, आज आहे उद्या नाही." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर कान्होजींना बरं वाटलं असतं. आणि दसऱ्याला सोनं द्यायला जयसिंहराव स्वतः घरी आले. त्यांनी भर रस्त्यात कान्होजींना मिठी मारली. "शाब्बास मास्तर! काल माझ्या पोराला वाचवलंत. घराण्याचं रक्त दाखवलंत. मी उगीच काहीबाही बोलून बसलो तुम्हाला." तीन वर्षं ज्यासाठी धडपडले त्याला या माणसानं नावं ठेवली होती. आणि ज्याची त्यांना मरेपर्यंत लाज वाटणार होती, त्याचं तो असं चारचौघांत कौतुक करत होता. कान्होजी आपट्याची पानं हातात धरून उभे राहिले. 

हुकूम यायला अजून अवकाश होता. सुटीनंतरच्या मंगळवारी कान्होजींनी तास घेतला. हत्यारं घासून पुसून मुलांपुढे ठेवली. कुंकू काही ठिकाणी निघालंच नव्हतं. पोरं हात मांडीवर ठेवून बसली होती. कुणी काही उचलेना.

"काय झालं रे?" त्यांनी विचारलं.

मल्हार उठून उभा राहिला. पूर्वी त्या तासाला कुणी उभं राहून बोलत नसे. "गुरुजी," तो म्हणाला, "हात लावू का?"

"लाव की."

त्यानं पक्कड उचलली. मग कात्रीकडे बोट केलं. "इसको भी लावू?" मग तारेकडे. प्रत्येक वस्तूला विचारून, मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून. बाकीच्यांनीही तेच केलं. त्या तासात काहीही तयार झालं नाही. पोरं घाबरलेली नव्हती, उलट फार शहाण्यासारखी वागत होती, आणि ते शहाणपण कान्होजींना बघवेना. मनगट सोडल्याला दहा दिवस झाले होते, पण त्या एका ओरडण्यानं तीन वर्षं पुसून टाकली होती. लोहचुंबकापाशी आल्यावर मल्हारनं विचारलंही नाही. त्यानं तो तसाच राहू दिला.

कार्तिकात खात्याचा हुकूम आला. हाताचा तास बंद, त्या जागी पाठांतर. कान्होजींनी तो वाचून पंतांना परत दिला आणि खाली सही केली. भांडले नाहीत. आतून बंद झालेलं दार बाहेरून कुणी लावून घेतलं तर त्यावर काय भांडायचं? डबे आणि तारा त्यांनी नई सडकेवरच्या पत्रेवाल्याला परत नेऊन दिल्या.

पुढे बरीच वर्षं ते त्याच शाळेत राहिले. चांगले मास्तर म्हणून त्यांचं नाव झालं, त्यांच्या पोरांचं पाठांतर सगळ्या लष्कर भागात उत्तम. शिक्षकांच्या खोलीत आता त्यांना 'कान्होजीराव' म्हणत. मल्हार शिकला, बाबू झाला, कचेरीत लागला. एकदा नई सडकेवर तो त्यांना दिसला. सायकलची साखळी उतरली होती आणि तो शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभा राहून इकडेतिकडे बघत होता.

"गुरुजी! नमस्कार. इथे कुणी मिस्तरी बसतो का हो?"

कान्होजी खाली बसले आणि साखळी दात्यांवर चढवली. दोन पळांचं काम. मल्हार मागं सरकून उभा होता. "अरे अरे, तुमचे हात खराब होतील ना गुरुजी," तो म्हणाला, आणि त्यानं आपला रुमाल पुढे केला. मनापासून केला. कान्होजींनी रुमालाला हात पुसले नाहीत, धोतराला पुसले.

डोळ्यातलं फूल वाढलं होतं. उजव्या डोळ्यालाही आता कमी दिसे. निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा त्यांच्याकडे तिसरीचा वर्ग होता. एका सकाळी भिंतीवर हवेचा तक्ता टांगून ते पाठ म्हणून घेत होते.

"हवेला रंग नाही."

"हवेला रंग नाही," वर्ग म्हणाला.

"हवेला वजन असते."

सगळे म्हणाले. दुसऱ्या रांगेतलं एक पोरगं, श्रीपाद नावाचं, म्हणायचं थांबलं. त्यानं तळहात पुढे केला, त्यावर फुंकर मारली आणि हात वरखाली करून पाहिला. मग म्हणाला, "गुरुजी, वजन तर काहीच लागत नाहीये."

"असतं."

"तुम्ही करून बघितलंय?"

कान्होजींनी बघितलं होतं. बांबूच्या काठीच्या दोन टोकांना दोन फुगलेले फुटबॉलचे ब्लॅडर बांधून, मध्ये दोरीनं तोलून धरून. एकाला सुई टोचली आणि हवा सुटली, तशी दुसरी बाजू हळूहळू खाली आली होती. वर्ग अगदी श्वास रोखून बघत होता. त्या दिवशी मल्हार म्हणाला होता, 'गुरुजी, म्हणजे आपल्या डोक्यावर केवढी हवा असेल!' सगळं त्यांना कालच्यासारखं दिसलं. 'हो' ओठांवर आलं होतं. पण 'हो' म्हटलं की हे पोरगं विचारणार, कसं? आणि कसं ते सांगितलं की म्हणणार, मग आपण करूया ना. त्यापुढे त्यांच्याजवळ काही नव्हतं. भीती होती, आणि ती या पोराच्या हाती द्यावी असं त्यांना वाटेना.

"नाही," ते म्हणाले. "मी नाही बघितलं. पुस्तकात आहे. पाठ कर."

श्रीपादनं हात सदऱ्याला पुसला आणि बाकीच्यांबरोबर म्हणू लागला.